नवरीची चाल

शिवणाच्या कारखान्यात नवी बाई आली, की तिला मशीनमध्ये दोरा ओवायला शिकवायच्या आधी बाया एक गोष्ट शिकवतात. घड्याळवाला मागे येऊन उभा राहिला, की हात सैल सोडायचा. भिंगरीला हे तिच्या नणंदेनं शिकवलं. नणंदेनंच तिला कारखान्यात आणलं होतं, आपल्या शेजारच्या मशीनवर बसवलं होतं आणि पहिल्याच दिवशी कानाशी लागून सांगितलं होतं, "हे बघ, तो मेला घड्याळ घेऊन येतो आणि एक कॉलर बसवायला किती वेळ लागतो ते मोजतो. तो मोजेल तेवढाच वेळ मग रोजच्या रोज सगळ्यांना मिळतो. म्हणून तो असेपर्यंत नवरीसारखं चालायचं. कापड दोनदा सारखं करायचं, उगाच एक फुंकर मारायची, खूण जुळली का ते वाकून बघायचं. तो पाठमोरा झाला, की मग लाग पळायला."

लाइनमध्ये याला नवरीची चालच म्हणत. यात लबाडी आहे असं कुणाला वाटत असेल, तर त्यानं एकदा सकाळपासून संध्याकाळपर्यंत कॉलरी बसवून बघाव्यात आणि मग तोंड उघडावं. एक कॉलर कुणीही पळवत नेईल हो. पण दिवसभरात दोरा तुटतो, बॉबिन संपते, पाठ धरते, लघवीला जावं लागतं. घड्याळवाल्याच्या कागदावर पाठीला आणि लघवीला जागा नसते. ती जागा बायांनी आपली आपण त्या चालीत करून ठेवली होती, आणि तिच्यावरच सगळा कारखाना तरला होता.

भिंगरी हे काही तिचं खरं नाव नव्हे. हात भिंगरीसारखा फिरतो म्हणून बायांनी लाडानं ठेवलेलं. कॉलर बसवणं हे शर्टातलं सगळ्यात नाजूक काम. गळ्याच्या वळणावर कापड जरा ओढलं गेलं, की अख्खा शर्ट रुसल्यासारखा दिसतो. लाइनवर कॉलरीची मशीनं दोनच होती, एकावर भिंगरी आणि दुसऱ्यावर तिची नणंद. भिंगरी नणंदेला वन्सं म्हणायची, म्हणून मग काजं करणारी काजवालीही वन्सं म्हणू लागली, इस्त्रीवाला म्हणू लागला, आणि शेवटी सुपरवायझरसुद्धा. अख्ख्या कारखान्याची नणंद झाली बाई! वन्संची शिवण सरळ होती, पण वय झालं होतं आणि डोळा एक जरा अधू झाला होता. त्या आपल्या बेतानं चालायच्या, आणि तो बेत आजवर पुरला होता.

त्या दिवशी घड्याळवाला एकटा आला नाही. त्याच्याबरोबर मालक होते, आणि मालकांबरोबर बायरची बाई होती. दूरदेशीच्या ज्या मोठ्या दुकानांसाठी कारखाना शर्ट शिवायचा, त्या दुकानांची खरेदी ही बाई बघायची. तिच्या हातावर दोन निळे शर्ट होते. तीच बटणं, तोच खिसा, तीच कॉलर. एक इथला, आणि दुसरा पलीकडचा.

पलीकडे म्हणजे नेमकं कुठे, ते लाइनमध्ये कुणालाच धड ठाऊक नव्हतं. समुद्रापार कुठलासा देश होता, तिथेही अशाच बाया असेच शर्ट शिवत होत्या आणि ते स्वस्त पडत होते, एवढंच माहीत. पण त्या एका शब्दानं सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळायचं. भिंगरीच्या घरात तर पलीकडे हा शब्द काढायचीच चोरी होती. तिचा नवरा विणकर. मागावर बसायचा. पलीकडून कापडाचे तागे इतके स्वस्त येऊ लागले, की इथलं सूतच महाग पडायला लागलं. एका सकाळी मागाच्या शेडला साखळी होती. माणसं डबे हातात धरून फाटकाबाहेर दुपारपर्यंत उभी राहिली, कारण घरी जा असं सांगायलाही कुणी आलं नाही. तेव्हापासून तो घरी होता आणि स्वयंपाक करत होता. बरा करायचा. त्या दिवसांत घरात दाणा नव्हता, तेव्हा वन्संनीच दोघांना जगवलं होतं. शेजारच्या खोलीत राहायच्या त्या, एकट्या. आपल्या ताटातलं अर्धं इकडे आणून ठेवायच्या आणि वर म्हणायच्या, "मला मेलीला भूकच नाही."

तर बायरची बाई भिंगरीच्या मागे येऊन उभी राहिली. तिच्या अत्तराचा वास मशीनच्या तेलाच्या वासात मिसळला. मालक तिच्याशी तिच्या भाषेत गोड बोलत होते, पण रुमाल सारखा कपाळाकडे जात होता. मग घड्याळवाल्याकडे वळून ते आपल्या भाषेत, अगदी हळू म्हणाले, "आज आकडा चांगला आला नाही, तर कुलूप लावायचं. ध्यानात ठेव."

ते भिंगरीसाठी नव्हतं. पण कान भिंगरीचे होते ना! डोळ्यांसमोर शेडची ती साखळी आली, हातात डबे धरलेली माणसं आली. पुढे काजवाली नेहमीसारखी खोकली. घड्याळ आलंय, हात सैल सोडा, अशी ती खूण होती. भिंगरीनं खोकला ऐकला. तिला सगळं कळत होतं. आणि तरी घड्याळवाल्यानं बटण दाबलं, तेव्हा तिनं पेडल जे दाबलं ते सोडलंच नाही. दोनदा सारखं करणं नाही, फुंकर नाही, वाकून बघणं नाही. मधे एकदा कापड निसटलं, ते तिनं झडप घालून पकडलं. जीव मुठीत धरून माणूस पळतं ना, तशी ती शिवत सुटली.

लाइनवरच्या बायांना बघायची गरज पडत नाही. मशीनच्या आवाजावरून त्यांना कळतं कोण काय करतंय. तो आवाज ऐकून आधी काजवालीचं मशीन थांबलं, मग त्यापुढचं, मग त्याच्याही पुढचं. भिंगरीनं शर्ट टेबलावर टाकला तेव्हा इतकी शांतता होती, की वरच्या पंख्याचं कुरकुरणं ऐकू येत होतं. घड्याळवाल्यानं फोनवर सगळ्याचा व्हिडिओ घेतला होता. बायरची बाई काहीतरी छानसं बोलली आणि मालकांचा रुमाल खिशात गेला.

भिंगरीनं हळूच बाजूला पाहिलं. वन्सं आपल्या मशीनकडे बघत होत्या.

ऑर्डर मिळाली. मालकांनी स्वतः लाइनवर येऊन सांगितलं, की आपला कारखाना वाचला आणि ह्या पोरीच्या हातांनी वाचवला. कुणी टाळी वाजवली नाही. दुसऱ्या दिवसापासून नवा वेळ लागू झाला, कॉलरीला आणि कॉलरीमागून सगळ्यांनाच, कारण लाइन म्हणजे एकीच्या हातातून दुसरीच्या हातात जाणारं काम. मागची पळाली, की पुढचीला पळावंच लागतं.

बाया भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या भांडल्या नाहीत. जेवायला बसताना भिंगरीची जागा कुणी अडवून ठेवेना. तिचा दोरा संपला तर कुणी पुढे करेना. भिंगरी ही हाक तीच होती, पण लाड गेला होता तिच्यातून. काजवाली तेवढी एकदा तोंडावर बोलली. "कारखाना वाचवलास, फार उपकार झाले. आता आम्हाला कोण वाचवणार ते सांग!"

घरी जाताना वन्संनी एकच विचारलं. "भ्यालीस?"

"हो, वन्सं."

"मग गप्प राहा. भिऊन झालेल्या गोष्टीला काय म्हणायचं माणसानं?" त्या पुढे चालू लागल्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "मीसुद्धा भ्याले होते. पण मला तेवढं पळताच येत नाही, म्हणून वाचले."

त्या हसल्या. भिंगरीला हसू आलं नाही, रडूच आलं.

आणि मग वन्संच्या मशीनपुढे ढीग साचू लागला. दोघींना सारखीच बंडलं मिळायची. भिंगरीची संपायची, वन्संची उरायची. नव्या वेळात त्यांचा तो बेत बसेना. सुपरवायझर तसा वाईट माणूस नव्हता, पण त्याचं घसा खरवडून ओरडणं भोंग्यासारखं होतं, म्हणून त्याला भोंगाच म्हणत. तो वन्संच्या मागे येऊन ओरडायचा, "वन्सं, ढीग! वन्सं, ढीग!" पुढे पुढे ओरडणं बंद झालं, आणि ते जास्त वाईट होतं. जी बाई मागे पडते तिला आधी धागे कापायच्या टेबलावर बसवतात. शर्टाचे लोंबते धागे कात्रीनं कापायचे, बस्स. तिथून पुढे एकच जागा असते, फाटकाबाहेरची. त्या टेबलावरून मशीनवर परत आलेली बाई आजवर कुणी पाहिली नव्हती.

भिंगरीनं मनाशी धरलं, काय वाटेल ते होवो, वन्संना त्या टेबलावर जाऊ द्यायचं नाही. ज्या बाईनं आपल्या ताटातलं काढून दिलं, तिचं ताट आपण ओढून घेतलं, हा विचारच तिला सहन होईना. ती वन्संच्या ढिगातलं बंडल गुपचूप आपल्याकडे ओढू लागली. भोंग्याची पाठ फिरली की एक, पाणी प्यायला तो गेला की आणखी एक. जेवायच्या सुट्टीत उभ्या उभ्या दोन घास कोंबायचे आणि परत मशीनवर. वन्सं म्हणायच्या, "अगं, मरशील अशानं." भिंगरी मान खाली घालून शिवत राहायची. दोघींच्या कॉलरी तिची एकटीची दोन बोटं वळवत होती.

भीती मात्र जाईना. सकाळी फाटक दिसलं की आधी बघायची, साखळी तर नाही ना. आत गेली की बघायची, वन्संचं मशीन जागेवर आहे ना. बायरच्या बाईच्या अत्तरासारखा वास कुठून आला, तर ती मागे वळून बघायची, आणि मग कळायचं, की इस्त्रीवाल्यानं अंगाला साबण लावलाय. घरीसुद्धा हात स्वस्थ बसेनात. बटाटे चिरायला घेतले तर नवरा पातेल्यात पाणी आणेपर्यंत सगळे चिरून व्हायचे. तो म्हणायचा, "अगं, बटाटा आहे तो, कॉलर नाही!"

हे तो बोलायचा केवढ्यांदा! मागांच्या खडखडाटात जन्म गेलेला, अर्धा बहिरा झालेला माणूस. घरातली गुपितं चाळीच्या टोकापर्यंत ऐकू जायची. पण विणकरांना ओठ वाचता येतात. भिंगरीला खासगीतलं काही सांगायचं असलं, की ती आवाज न करता नुसते ओठ हलवायची आणि तो बरोबर समजायचा. उत्तर मात्र ओरडूनच द्यायचा, त्यामुळे उपयोग अर्धाच.

एके दिवशी बातमी आली, की पलीकडच्यांनी भाव आणखी खाली आणला. कसा आणला तेही कळलं. बायरच्या बाईनं भिंगरीचा तो व्हिडिओ पलीकडच्या कारखान्याला दाखवला होता. तिकडच्या मालकानं आपल्या बायांना तो दाखवला, म्हणाला, बघा, ही बघा. आणि आता तिकडची एक बाई भिंगरीपेक्षा जलद कॉलर बसवत होती. म्हणजे इकडे पुन्हा घड्याळ येणार होतं.

भोंगा वन्संपाशी येऊन इकडे तिकडे बघत म्हणाला, "वन्सं, मी काही बोललो नाही हां. पण ह्या वेळी वेळ आणखी कमी झाला ना, तर तुमचं नाव धाग्यांच्या टेबलाला ठरलंय. माझ्या हातात नाही." वन्सं म्हणाल्या, "बरं." एवढंच म्हणाल्या.

त्या दुपारी हात धुवायच्या जागी बाया जमल्या. भिंगरी एका कडेला उभी होती. काजवालीनं नळ मोठा सोडला, म्हणजे बाहेर ऐकू जाऊ नये, आणि भिंगरीला समोर ओढलं. "हे बघ, ऑर्डर जायची असेल तर जाईल. तिकडच्यांबरोबर आपण पळत राहिलो तर त्याला अंत नाही. आपण पळालो की त्या पळणार, त्या पळाल्या की आपण. आज वन्सं जातील, मग मी जाईन, एक दिवस तूही जाशील. मालकाला एकदा कळू दे, की याहून कमी वेळात होत नाही. तो बायरशी भांडेल, भाव मागेल, काय करायचं ते करेल. पण आपला हातच खोटं सांगायला लागला तर तो कशाला भांडेल?"

"मी हळू शिवीन," भिंगरी म्हणाली.

"शपथ?"

"वन्संची शपथ."

काजवालीनं तिला ओला हात पुसायला आपला पदर पुढे केला. इतक्या दिवसांत कुणी तिला काही पुढे केलं नव्हतं. भिंगरीच्या डोळ्यांना पाणीच आलं.

संध्याकाळी तिनं नवऱ्याला ओठांनी सांगितलं, उद्या नवरीची चाल चालणार आहे. त्यानं ओठ नीट वाचले आणि छाती भरून गर्जना केली, "हळू शिवणार? शाब्बास!" भिंगरीनं कपाळावर हात मारून घेतला. शेजारच्या खोलीतून वन्संचं हसू ऐकू आलं, आणि कितीतरी दिवसांनी भिंगरीसुद्धा हसली. दोघी भिंतीच्या अलीकडून पलीकडून हसत राहिल्या, आणि तो बिचारा विचारत राहिला, "काय झालं? मी काय केलं?"

सकाळी मालक, घड्याळवाला आणि फोन लावायचं तिकाटणं असे तिघं आले. बायरची बाई आली नव्हती, ती आपल्या देशात बसून फोनवर बघणार होती. लाइन खाली मान घालून शिवत होती, पण सगळ्यांचे कान भिंगरीकडे लागले होते. वन्सं शेजारी होत्या. पुढ्यात त्यांचा ढीग होता.

"हे बघ, घाबरायचं नाही," मालक गोड आवाजात म्हणाले. "तुला नुसतं दाखवतो." आणि त्यांनी फोनवर पलीकडच्या बाईचा व्हिडिओ लावला.

तेच मशीन, तोच निळा शर्ट. मनगटं बारीक होती आणि एका बोटाला चिंधी गुंडाळलेली होती. हात जात होते ते भिंगरी नुसती बघतच राहिली. कॉलर बसली आणि त्या बाईनं मान वर केली. फोनकडे नाही, फोनच्या मागे कुणी उभं होतं त्याच्याकडे पाहिलं. ते पाहणं भिंगरीच्या ओळखीचं होतं. ही बाई आपल्याला बघून भ्यायली, तिच्या मनात आलं, आणि आता आपण हिला बघून भ्यायचं. कुणी कुणाचं काय केलंय? तिला त्या बाईला सांगावंसं वाटलं, बाई गं, मी आज हळू शिवणार आहे, तूही जरा दम घे. पण सांगायचं कुणाकडून?

"चल," घड्याळवाला म्हणाला आणि त्यानं बटण दाबलं.

काजवाली खोकली. भिंगरीनं एक मोठा श्वास घेतला आणि हात सैल सोडले. कॉलर घेतली, शर्टाच्या गळ्यावर ठेवली, सारखी केली. पुन्हा एकदा सारखी केली. फुंकर मारली. वाकून खूण बघितली. मग पेडलवर पाय ठेवला, दाबला नाही, नुसता टेकवला. मशीन चालू लागलं. वळणावर ती थांबली, सुई कापडात ठेवून कापड फिरवलं, पुन्हा निघाली. तिला तो वेळ लांबच लांब वाटला. उन्हात वाळत घातलेली चादर बघत बसावं तसं निवांत वाटलं. मधे तिला वाटलं, जास्तच हळू होतंय का? मालकांना कळेल का? तिनं मुद्दाम कडेचा धागा चिमटीनं काढला. झालं. शर्ट टेबलावर ठेवला, वरून हात फिरवला आणि वन्संकडे बघून हसली. जीव भांड्यात पडला होता.

घड्याळवाला हलला नाही. त्यानं घड्याळ बघितलं, कानाशी नेलं, जरा हलवलं आणि परत बघितलं. मग मालकांपुढे धरलं.

"मागच्यापेक्षा कमी," तो म्हणाला. "तिकडच्यापेक्षाही कमी."

मालक मोठ्यानं हसले. फोनमध्ये बायरची बाईही हसली.

भिंगरीला आधी ते कळलंच नाही. मग कळलं. "नाही," ती म्हणाली. "चुकलंय घड्याळ. मी... नाही हो, चुकलंय."

"घड्याळ नाही चुकलं, पोरी."

तिनं लाइनकडे पाहिलं. काजवालीनं तोंड फिरवलं होतं. बाकी सगळ्या बाया तिच्याकडे बघत होत्या, आणि शपथ घेऊन उलटलेल्या माणसाकडे बघावं तसंच बघत होत्या. त्यांना कसं कळणार? जेवायच्या सुट्टीत, दोघींची बंडलं एका हातानं ओढताना, वन्संना त्या टेबलापासून वाचवताना, हा हात कुठे जाऊन पोचला होता हे तिचं तिलाच कळलं नव्हतं. तिचं हळू शिवणंच आता एवढं जलद होतं. कारखान्याची नाही, पलीकडचीही नाही, स्वतःच्या हातांची भीती वाटली तिला. आणि त्या भीतीत, सगळ्यांना पटावं म्हणून, तिच्या तोंडून ते निघून गेलं.

"मी हळू शिवलं हो! देवाशप्पथ, मी मुद्दाम हळू शिवलं!"

हे बोलायचं नव्हतं. इतक्या वर्षांत कुठलीच बाई मालकासमोर हे बोलली नव्हती. लाइन गार पडली. भोंग्यानं डोळे मिटून घेतले.

मालकांचं हसू थांबलं. ते रागावले नाहीत, रागावले असते तर परवडलं असतं. ते खाली वाकले आणि लहान मुलाशी बोलावं तसं विचारू लागले, "हळू शिवलंस? हे हळू? म्हणजे याहून जलद होतं?"

भिंगरीनं मान हलवली, नाही, नाही, नाही.

"घड्याळ परत लाव," मालक घड्याळवाल्याला म्हणाले. आणि फोनकडे वळून त्या बाईच्या भाषेत काहीतरी उत्साहानं सांगू लागले.

भिंगरीनं दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. ती हातांवर बसली. पुढे नवा शर्ट ठेवला गेला, नवी कॉलर ठेवली गेली. तिला वाटलं, इथेच मरण आलं तर बरं. मालक म्हणाले, "घाबरतेस कशाला? शिव की. का लावू फाटकाला कुलूप?" ते गमतीनं म्हणाले. पण कुलूप हा शब्द गमतीत ऐकायचे कान तिच्याजवळ नव्हते.

शेजारचं मशीन बंद झाल्याचा आवाज आला. वन्सं उठून उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी आपल्या ढिगातलं वरचं बंडल सारखं केलं, खुर्ची आत सरकवली आणि भिंगरीच्या खांद्यावर हात ठेवला.

"तू हळूच शिवत होतीस," त्या म्हणाल्या. "मी बघत होते. मला ठाऊक आहे."

"वन्सं, जाऊ नका. वन्सं, मी नाही शिवणार."

"वेडी आहेस का? शिव. घरात कुणीतरी कमावलं पाहिजे." आणि त्या कुणी सांगायची वाट न बघता धाग्यांच्या टेबलाकडे निघाल्या. लाइनच्या मधल्या वाटेनं, एका अधू डोळ्यानं वाट चाचपत, बेताबेतानं. एकाही बाईनं मान वर केली नाही.

घड्याळवाल्यानं बटण दाबलं. भिंगरीचे हात मांडीखालून कधी निघाले ते तिला कळलं नाही.

वन्सं तिकडे जाऊन बसेपर्यंत तिची कॉलर बसवून झाली होती.